उंदराने किती खाल्ले?



आमच्या इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या आसपास काय किंवा तिकडे बारामतीकडे काय, कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला एखादं नवं खाद्य दाखवा. वजन किती वाढलं, एवढं विचारून तो थांबत नाही; किती खाऊन वाढलं, हेही विचारतो. खाद्याचं पोतं त्याला पदरच्या पैशानं घ्यावं लागतं, तेव्हा हा हिशेब त्याला कुणी शिकवायला नको. आज ज्या प्रयोगांविषयी बोलायचं आहे, त्यांची किल्ली याच प्रश्नात आहे. मी तर्कशास्त्र शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. म्हणून माझं लक्ष अनुमानाकडे अधिक जाईल.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून रक्तात उतरणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे डीएचईए. पूर्ण नाव डिहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन. पुन्हा उच्चारायला मात्र सांगू नका! ऐन विशी-तिशीत याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत ते अगदी थोडं उरतं. मग कुणालाही वाटणारच, की उणं झालेलं भरून काढलं तर तारुण्य परत येईल.

उंदरांनी ही आशा वाढवली. १९७७ साली जन्मतः लठ्ठ होणाऱ्या जातीच्या उंदरांना डीएचईए दिलं, तेव्हा त्यांचा लठ्ठपणा टळला. १९८८ साली असं दिसलं, की एरवी जीव घेणाऱ्या विषाणूंपासून या द्रव्यामुळे उंदीर बचावतात. वजन आटोक्यात, प्रतिकारशक्तीही चांगली! पण मधल्या काळात, १९८४ साली, वाइनड्रुक आणि वॉलफोर्ड या अमेरिकन संशोधकांनी ते अन्नात मिसळून दिलं आणि खाल्लेलंही मोजलं. उंदीर खातच कमी होते. आता, उपाशी नव्हे पण बेतानं खाणारे उंदीर सडपातळ राहतात, जास्त जगतात, त्यांची प्रतिकारशक्तीही बदलते, हे आधीच माहीत होतं. मग गुण संप्रेरकाचा की अर्धपोटी राहण्याचा? यावर तोड अशी, की दुसऱ्या गटाला संप्रेरक द्यायचं नाही, पण पहिल्या गटानं खाल्लं तेवढंच अन्न मोजून द्यायचं. काही प्रयोगांत भूक न घटताही वजन कमी झालं, हेही सांगायला हवं. प्रश्न अगदीच एकतर्फी नाही.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. उंदराची ही ग्रंथी डीएचईए जवळजवळ तयारच करीत नाही. म्हणजे म्हाताऱ्या उंदराला आपण गेलेलं परत देत नाही, त्याच्याकडे कधी नव्हतंच ते घालतो. मग ‘भरून काढणं’ कसलं?

इस्रायलमध्ये याची चांगली परीक्षा झाली. डेननबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं, की या संप्रेरकानं म्हाताऱ्या उंदरांत फ्लूची लस पुन्हा नीट लागू पडते. त्याच मंडळींनी वृद्ध माणसांवर तोच प्रयोग केला आणि १९९७ साली प्रामाणिकपणे छापलं, की लसीचा परिणाम वाढला नाही. पुढे २००६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध केली. वृद्धांच्या ताकदीत किंवा शरीराच्या ठेवणीत सांगण्यासारखा फायदा दिसला नाही.

तर्क दोन्हीकडे सारखाच लावला पाहिजे. दीर्घकाळ अन्नातून डीएचईए दिलेल्या घुशीच्या जातीच्या पांढऱ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, यकृताच्या गाठी झाल्याचं १९९२ साली प्रसिद्ध झालं. तेवढ्यावरून माणसालाही त्या होतील असं म्हणणं, हीदेखील तीच उडी झाली.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या तालमीतली आणि पोलीस भरतीच्या तयारीतली मुलं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे डीएचईए पूरक आहार म्हणून दुकानात मिळतं, आणि ‘प्रयोगानं सिद्ध’ एवढे दोन शब्द डब्यावर पुरतात. कुणावर सिद्ध, ते बारीक अक्षरातही नसतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे द्रव्य निषिद्ध आहे, स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, बाराही महिने. त्याचं दुसरं नाव प्रास्टेरोन. डब्याच्या मागे ते लिहिलेलं असेल, तर पदार्थ हाच.