दहा अध्यायांनंतर



मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर विषय दिला तो असा, ख्रिस्ती माणसाने आपलं पाचारण कसं ओळखावं. इथे बसलेले सगळेच ख्रिस्ती नाहीत, हे मला दिसतंय. पण ‘मी कशासाठी जन्माला आलो’ हा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी कुठल्याही घरातल्या मुलाला पडतो. मी माझ्या घरातल्या भाषेत बोलणार आहे. तुम्ही तुमच्या घरातल्या भाषेत ऐका.

मी चौतीस वर्षं परिचारिका होते. त्याआधीची एक गोष्ट सांगते, जी मी फार वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. दहावीची परीक्षा झाली आणि आमच्या मंडळीच्या तरुणांचं शिबिर भरलं. शेवटच्या रात्री उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, प्रभूने ज्यांना सेवेसाठी बोलावलंय त्यांनी उभं राहावं. माझी मैत्रीण उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला पाहून मीही उभी राहिले. मुलांनो, मला कसलाही आवाज आलेला नव्हता. मैत्रीण पुढे खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरली, आनंदाने फिरली. मी मात्र नर्सिंगच्या वसतिगृहात रात्री पडल्या पडल्या विचार करायची, की मी देवाशी खोटं बोलले. तिचं ते रडू मी उसनं घेतलं होतं.

त्या वसतिगृहातच माझ्या हाती लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आपण चर्चमध्ये गातो, त्यामुळे त्यांचं पाचारण सगळ्यांना माहीत असतं. 1893 मध्ये आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला, तो वाचता वाचता टिळक बदलत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा नातेवाइकांत असलेल्या त्यांच्या बायकोवर, म्हणजे लक्ष्मीबाईंवर, काय कोसळलं असेल, याचा विचार आपण क्वचित करतो. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालेली बाई. पदरात लहानगा मुलगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण धर्म सोडून गेलेला, आणि लोक तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलेले.

बोलावणं नवऱ्याला आलं होतं, तिला नव्हतं. माझ्या दृष्टीने या गोष्टीतली सर्वांत मोलाची बाब म्हणजे, ते आपल्यालाही आलंय असं तिने दाखवलं नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती नगरला आली, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊन आली. टिळकांनीही तिच्यावर सक्ती केली नाही. कुणाला प्रभूकडे ओढत नेता येत नाही, हे त्या तापट माणसाला या एका बाबतीत नीट कळलं होतं आणि त्यासाठी मला टिळकांविषयी फार आदर वाटतो.

लक्ष्मीबाईंच्या माहेरचं सोवळं तर कल्पनेपलीकडचं. त्यांच्या वडिलांना विटाळाची एवढी धास्ती, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात चालत नसे. त्या घरात वाढलेली ही मुलगी एक दिवस बसून विचार करते की जात देवाने केली की माणसाने. माणसाचा जन्म-मृत्यू एकच, भूक-तहान एकच. मग हा भेद देवाचा कसा असेल? कुणी प्रवचन दिलं नव्हतं. स्वतःच विचार करून तिने ठरवलं, आता मी कुणाच्याही हातचं खाईन. तिथून ती हळूहळू चालत आली आणि 1900 मध्ये, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, तिने बाप्तिस्मा घेतला. तो तिचा स्वतःचा होता.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पेत्राला प्रभू मागे यायला सांगतो. पेत्र चालू लागतो आणि वळून दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो, याचं काय होणार? प्रभू त्याला म्हणतो की तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. लहानपणी मला हे उत्तर जरा तुटक वाटायचं. स्मृतिचित्रे वाचल्यावर त्यातली माया कळली. मैत्रिणीच्या रडण्याचा हिशेब माझ्याकडे कुणी मागणारच नव्हतं.

मग लक्ष्मीबाईंचं काम काय होतं? त्यांना विचारलं असतं तर बहुधा त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं असतं. टिळक मुलं आणायचे, या सांभाळायच्या. आपल्या शाळेपासून दूर नाही, राहुरीला आणि नगरला हे सगळं घडलंय. दुष्काळाने अनाथ झालेली मुलं त्यांच्या पंक्तीला जेवली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, तर त्या त्यांची आईच झाल्या. नगरला प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या छावणीत शुश्रूषेला गेल्या. मी नर्स म्हणून सांगते, प्लेगच्या गाठी आलेल्या माणसाचं अंग पुसायला काय लागतं, ते पुस्तकात शिकवता येत नाही. आणि ज्या घरात बाजारातली वस्तूसुद्धा धुऊन घेत, त्या घरातली ही लेक!

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. प्रभूचं चरित्र, आपल्या संतांसारखं ओवीबद्ध. दहा अध्याय झाले, अकरावा अर्धा राहिला आणि 9 मे 1919 ला ते गेले. लक्ष्मीबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. अशा बाईने ते पुढचं काम हाती घेतलं आणि चौसष्ट अध्याय लिहिले. पुन्हा सांगते, त्यांचे दहा आणि हिचे चौसष्ट. फेब्रुवारी 1936 मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ 1938 मध्ये छापून आला. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

मला हे चौसष्ट अध्याय वरून आलेल्या आवाजापेक्षा जास्त खरे वाटतात. समोर अर्धं काम पडलंय, पुरं करणारं दुसरं कुणी नाही, आणि आपल्याला थोडंबहुत येतंय. एवढ्यावर त्या उठल्या.

माझंही तसंच झालं, अगदी छोट्या मापात. नोकरीच्या सहाव्या की सातव्या वर्षी वॉर्डात एक आजी होत्या, संगमनेरकडच्या. घरी जायच्या दिवशी त्यांनी गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, “बाई, यातली सकाळची कंची?” पाकिटावर सगळं लिहिलेलं होतं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. मी पेन काढून एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र. आजींनी ती दोन्ही कपाळाला लावली. त्या दिवशी मला कळलं की शिबिरात मी उभी राहिले ते खोटं नव्हतं, लवकर होतं. त्यानंतर ड्यूटी संपली की मी अर्धा तास थांबायची, घरी निघालेल्या प्रत्येकाची पाकिटं घेऊन बसायची. सूर्य, चंद्र, जेवणाआधीच्या गोळीला रिकामं ताट, जेवणानंतरच्या गोळीला भाकरी. निवृत्त झाले, तरी गुरुवारी मी अजून जाते.

तुमच्यातल्या कुणाला शिबिरात, उपासनेत खरोखर हाक येईल. आली तर उठा, घाबरू नका. ज्यांना येणार नाही त्यांना मी आईच्या मायेने सांगते, रडू उसनं आणू नका आणि आपण देवाच्या नजरेतून सुटलो असंही समजू नका. प्रार्थना करा आणि डोळे उघडे ठेवा. मघाशी कोळीनृत्याआधी पडद्यामागे पाचवीतल्या एका मुलीची टोपली तुटली. सातवीतली एक ताई, जिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नाही, ती दातांनी सुतळी तोडून टोपली बांधत होती. मी तिला नाव विचारलं तर लाजून पळाली. मुली, तू इथे असशील तर कार्यक्रम संपल्यावर मला भेट. गुरुवारच्या कामाला मला हात हवे आहेत, आणि तुझी गाठ पक्की बसते.

बाई, ग्रंथालयासाठी मी स्मृतिचित्रेच्या दोन प्रती आणल्यात. आठवी-नववीच्या मुलांनी आधी न्याव्यात. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याची पानं येतील, ती घाईत उलटू नका. प्लेगच्या छावणीपर्यंत पोचलात की पुन्हा मागे येऊन ती वाचाल.