पेट्या येईपर्यंत
(ज्युबिलीच्या सप्ताहांत धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या सप्ताहांत पूर्वेतिहासाविषयीं कांहीं सांगावें, अशी विनंती चालक मंडळींनीं आम्हांस केली. वेदी कोणी बांधिली, घंटा कोणत्या सालीं चढविली, ही हकीकत पुस्तिकेंत छापून येणारच आहे. तिची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हांस आज एक निराळाच प्रश्न आपणांपुढें ठेवावयाचा आहे. सुवार्तेसाठीं समुद्रापलीकडून ह्या मुंबईंत जीं कुटुंबें आलीं, त्यांचें बस्तान बसेपर्यंत, त्यांच्या पेट्या उघडेपर्यंत, तीं राहिलीं कशीं?

‘कुटुंबें’ हा शब्द ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांत हंसतील. कॅथलिक धर्मगुरूला कुटुंब कसलें! हें खरें आहे, आणि म्हणूनच आमच्या बखरींत ह्या प्रश्नाचा उल्लेख फारसा सांपडत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचले. साडेसहा महिने समुद्रावर काढणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ते उतरले तेव्हां येशूसंघाचें घर तेथें उभें होतें. ताट, निजण्याची जागा, प्रार्थनेची वेळ, सर्व ठरलेलें. त्यांचें जें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, त्याची थोरवी आपण जाणतांच. पण तान्हें मूल आणि विझलेली चूल ह्यांची चिंता त्यांना कधीं करावी लागली नाहीं.

ती चिंता ज्यांनीं पुरेपूर भोगिली, असें एक दांपत्य म्हणजे अमेरिकेचे सॅम्युएल नॉट व त्यांची पत्नी रॉक्साना. हे आपल्या पंथाचे नव्हत, प्रॉटेस्टंट होते. तरीहि ज्युबिलीच्या सभेंत त्यांचें नांव घेण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं, आणि आपणांसहि वाटूं नये.

नॉट पतिपत्नी व त्यांचे सोबती गॉर्डन हॉल ह्यांचें जहाज २४ फेब्रुवारी १८१२ रोजीं फिलाडेल्फियाहून निघालें आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून ८ ऑगस्टला कलकत्त्यास लागलें. त्या काळीं कंपनी सरकारला आपल्या मुलखांत मिशनरी नको होते. त्यांतच, हीं मंडळी समुद्रावर असतांना, जून महिन्यांत अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यांत युद्ध पेटलें होतें. म्हणजे निघाले तेव्हां जे परके पाहुणे होते, ते उतरले तेव्हां शत्रुराष्ट्राचे प्रजाजन झाले! परत जा, असा हुकूम झाला. त्यांच्याच तुकडीपैकीं हॅरिएट न्यूवेल ही तरुणी कलकत्त्याहून पतीसह मॉरिशसकडे निघाली. वाटेंत समुद्रावर तिचें मूल जन्मलें आणि गेलें, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं तीहि मॉरिशसला निवर्तली. तिचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. नॉट व हॉल मात्र मुंबईचें जहाज गांठून ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं येथें उतरले. त्यांच्या पाठोपाठ कलकत्त्याचा हुकूमहि येऊन थडकला: ह्यांना इंग्लंडला रवाना करावें.

आतां गृहिणींनो, विशेषतः आपणांस विचारतों. ज्या घराला उद्यां जहाजावर चढवितील कीं परवां, हें ठाऊक नाहीं, त्या घरांत पेटी उघडावी काय? फडताळ मांडावें काय? मडकीं विकत घ्यावींत, तर तीं कोणासाठीं टाकून जावयाचीं? आणि न घ्यावींत, तर आज भात कशांत शिजवावयाचा? मायदेशाहून कांहीं मागवावें म्हटलें, तर पत्र जाण्यास पांच-सहा महिने, उत्तर येण्यास तितकेच. आणि मध्यें युद्ध. असें एक वर्ष त्या बाईनें ह्या शहरांत काढिलें. त्याच वर्षांत तिच्या ओटींत मूल आलें.

नोव्हेंबर १८१३ मध्यें तर कहर झाला. आपणांस जहाजावर घालणार, असें दिसूं लागतांच हॉल व नॉट गुपचूप एका गलबतांतून कोचीनकडे निघून गेले, आणि रॉक्साना तान्ह्या मुलासह मुंबईंत मागें राहिली. पुरुषांच्या ह्या साहसाचें वर्णन मिशनच्या इतिहासांत मोठ्या अभिमानानें येतें. आम्हांस मात्र मागें राहिलेल्या त्या बाईचें अधिक वाटतें. पाणी कोणी भरावें, दूध कोणाकडून घ्यावें, मुलाचें अंग तापलें तर कोणाचें दार ठोठवावें? ज्यांच्यापाशीं विचारावयाचें, त्यांची भाषा तिला पुरती येत नव्हती. त्या दिवसांत तिच्या जवळचें खरें सामान म्हणजे शिकलेले चार मराठी शब्द आणि शेजाऱ्यांचा भलेपणा, एवढेंच असणार.

दोघांना कोचीनहून पकडून परत आणिलें. डिसेंबरमध्यें इंग्लंडला जाण्याचा दिवसहि मुक्रर झाला. तेव्हां त्यांनीं गव्हर्नर सर इव्हन नेपियन ह्यांना एक शेवटचा अर्ज लिहिला, आणि नेपियन साहेबांनीं, पुढील हुकूम येईपर्यंत, त्यांची रवानगी थांबविली. नेपियन सी रोडवरून आपण जातां, तो रस्ता ह्यांच्याच नांवाचा. त्या काळीं गव्हर्नरांचें निवासस्थान आपल्या परळलाच होतें. पुढें तेथें हाफकिन इन्स्टिट्यूट आलें. ती वास्तू मूळची येशूसंघाच्या पाद्र्यांची, त्यांच्याकडून कंपनीनें काढून घेतलेली. ह्यांतील गंमत आपल्या ध्यानांत आलीच असेल. पुढें पार्लमेंटनें १८१३ सालींच केलेल्या कायद्यानें मिशनरींची वाट मोकळी झाली. परंतु नॉट ह्यांची प्रकृति ढासळली होती. १८१५ सालीं हें कुटुंब परत गेलें. मिशनसाठीं कलकत्त्याहून आणिलेल्या छापखान्यावर १० मार्च १८१७ रोजीं आठ पानांची पहिली मराठी पत्रिका, १५०० प्रती, छापून झाली. ती पहाण्यास तीं दोघें येथें नव्हतीं.

तर मग त्या वर्षांचा उपयोग काय झाला? आमच्या मतें सर्वांत मोठा उपयोग त्याच वर्षांचा झाला. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्यापूर्वीं केरी ह्यांचें १८०५ चें व्याकरण व १८१० चा कोश, एवढीच शिदोरी. भाषा शिकावयाची ती पंतोजीपाशीं, आणि त्याहून अधिक रस्त्यावर. हॉल ती शिकले, रस्त्यांत व देवळांच्या आवारांत बोलूं लागले, शाळा काढूं लागले. १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस प्रवासांत पटकीनें त्यांचा अंत झाला. ज्याचें बिऱ्हाडच लागलेलें नाहीं, त्याला दिवसभर बाहेर रहाण्यावांचून गत्यंतर नसतें. हीच गोष्ट डॉक्टर विल्सन ह्यांच्या पत्नी मार्गारेट ह्यांची. फेब्रुवारी १८२९ मध्यें तीं दोघें आलीं, पण एकदम मुंबईंत घर न करितां प्रथम बाणकोट-हर्णेकडे कांहीं महिने राहिलीं. कोंकणांतील त्या महिन्यांत ह्या बाईंनीं मराठीची जी मेहनत केली, तिच्या जोरावर मुंबईंत येतांच त्यांनीं मुलींच्या शाळा सुरू केल्या. गिरगांवांत आंब्रोळीचें नांव त्या मिशनशीं निगडितच आहे. १९ एप्रिल १८३५ रोजीं त्या वारल्या. सारीं मिळून सहाच वर्षें त्यांना लाभलीं.

पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. सामानहि वेळेवर येऊं लागलें, पियानोसुद्धां. बंगले सजले. शेजाऱ्याकडे मागावयास जाण्याचें कारण उरलें नाहीं. हें सर्वांनाच लागू नाहीं. १८४८ सालीं आलेले जॉर्ज बोवेन दुसऱ्याच वर्षीं पगार सोडून वस्तींत एका साध्या खोलींत राहूं लागले, आणि १८८८ सालीं मरेपर्यंत तसेच राहिले. त्यांनीं आपण होऊन पेटी मागविलीच नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण केवळ मिशनरींचीच कथा कां सांगावी? लालबाग-परळच्या चाळी ह्याच अनुभवावर वसल्या. गिरणींत कामाला लागलेला गडी एक ट्रंक व वळकटी घेऊन गांवाहून येई. मागाहून बायको येई. आणि पहिला पाटा-वरवंटा शेजारणीचा असे. आज आपल्या धर्मग्रामाचीं मुलें कॅनडास जातात, त्यांचें घरसामान न्हावा-शेवाहून कंटेनरांत चढतें. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां कित्येक मालवाहू जहाजें सुएझ सोडून केप ऑफ गुड होपच्या वाटेनें वळविलीं गेलीं. म्हणजे नॉट कुटुंबाच्याच वाटेनें! तिकडे रिकाम्या घरांत गादीवांचून निजलेल्या आपल्या लेकीसुनांना पहिला तवा कोणीतरी परक्यानेंच दिला असेल.

आणि परळला काय चाललें आहे? टाटा इस्पितळ १९४१ पासून तेथें आहे. विदर्भ, मराठवाडा, बिहार, बंगाल, कोठकोठून कुटुंबें रोग्याला घेऊन येतात. उपचार महिनोन् महिने चालतात. कांहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत आसरा मिळतो. कांहीं जवळपास खोली घेतात. कांहीं फुटपाथवर असतात. त्यांचें घर मागें गांवीं आहे, आणि त्यांची पेटी कधींच येणार नाहीं.

म्हणून आमची एक सूचना आहे. ज्युबिली निधींतून संगमरवरी शिलेसाठीं जी रक्कम काढून ठेविली आहे, तींतील निम्मी सभागृहामागील बंद खोलीसाठीं खर्चावी. तेथें शेगड्या, पातेलीं, बादल्या, सतरंज्या व चादरी असाव्यात, आणि ज्या कुटुंबाला लागतील त्याला, धर्म न विचारतां, गरज असेपर्यंत द्याव्यात. चालकांपैकीं एकानें विचारलें कीं, भांडीं परत न आलीं तर? कांहीं येणार नाहींत. तितकीं आधींच वजा धरावींत, म्हणजे दुःख होणार नाहीं. शिलेवर नांवें थोडीं कमी कोरलीं जातील, हेंहि कांहींजणांस रुचणार नाहीं. त्यांनीं आम्हांस येऊन भेटावें.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर खोली उघडी ठेवूं. पोचा आलेलीं, कल्हई गेलेलीं भांडीं आणूं नयेत. ज्यांत आपण स्वतः भात शिजवूं, असेंच पातेलें आणावें. झांकण विसरूं नये. वही सॅक्रिस्तीच्या दाराशीं ठेविली आहे.