पंप मेसेजवर, किल्ली खिशात
(नवी यंत्रणा सभासदांना समजावून देताना केलेले भाषण)



आपला पाण्याचा पंप आता मोबाईलच्या मेसेजवर चालू-बंद होईल. स्टार्टर जुनाच आहे. शेजारच्या डब्यात सिमकार्ड आणि दोन रिले आहेत. पहिल्याच्या वायरी हिरव्या बटणाला पॅरलल जोडल्यात. मेसेज आला की तो क्षणभर जोडला जातो, जणू कुणी बटण दाबलं. दुसरा लाल बटणाच्या सिरीजमध्ये आहे. तो उघडला की पंप बंद. ओव्हरलोड रिले जागेवरच आहे. नोंदवलेल्या नंबरांचेच मेसेज चालतात. रिचार्ज संपलं तरी बटणं आहेतच.

मात्र पूर्वी पंप लावणारा पंपापाशी उभा असायचा. आता तो लोकलमध्ये असेल. खाली टाकीत कोण उतरलंय, हे त्याला दिसणार नाही. शिवाय रेंज नसताना पाठवलेला मेसेज तासाभरानेही पोचतो, आणि पंप तेव्हा सुरू होतो. स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट आहेत. म्हणून टाकी धुवायची असो की मोटार खोलायची, आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. सेक्रेटरींकडेसुद्धा नाही!