मृत्युपत्रातला एक हिस्सा रुग्णांसाठी



मंडळाने मला मानेसरहून इथवर बोलावलं आणि 'आपल्यामागे आपल्या संपत्तीचं काय' असा विषय दिला. त्यातला एकच भाग मी घेणार आहे: एखाद्या वैद्यकीय सेवाभावी संस्थेसाठी मृत्युपत्रात ठेवलेला हिस्सा. माझं म्हणणं आधीच सांगतो. असा हिस्सा ज्याला शक्य आहे त्याने जरूर ठेवावा. तो ठेवताना हेतू स्पष्ट सांगावा, पण संस्थेचे हात बांधू नयेत. आणि तो कायद्याच्या दृष्टीने इतका नीट लिहावा की शेवटी रुग्णापर्यंत पोचेल.

आपण लंडनमध्ये जमलो आहोत, तर इथल्या जवळच्याच एका ठिकाणापासून सुरुवात करू. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत सर दोराबजी टाटा आणि त्यांच्या पत्नी मेहरबाई यांच्या समाध्या आहेत. मेहरबाई 1931 च्या जूनमध्ये वेल्समध्ये ल्युकेमियाने गेल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या मार्च महिन्यात दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या नावे केली. 245 कॅरेटचा तो प्रसिद्ध ज्युबिली हिराही त्यात होता. त्याआधी 1924 मध्ये टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा कामगारांचे पगार थकू नयेत म्हणून याच दांपत्याने आपली खासगी संपत्ती बँकेकडे गहाण ठेवली होती. एप्रिल 1932 मध्ये मेहरबाईंच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी वेगळा निधी उभा राहिला. जूनमध्ये, पत्नीच्या समाधीला भेट द्यायला इंग्लंडकडे निघालेले असताना, वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे दोराबजींचंही निधन झालं.

विश्वस्तांनी पुढे हिरा विकला. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झालं. दोराबजी जाऊन तेव्हा जवळपास नऊ वर्षं झाली होती. 1962 मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं. त्या विभागाचे प्रमुख होमी भाभा हे मेहरबाईंचे सख्खे भाचे. आज विदर्भातून, कोकणातून, थेट बिहार-आसामातून आलेली माणसं परळच्या फूटपाथवर रिपोर्टांच्या फायली घेऊन बसलेली दिसतात, ती या हॉस्पिटलच्या भरवशावर.

यात एक गोष्ट फार मोलाची आहे. दोराबजींनी एवढं मोठं दान दिलं, पण इमारत कुठे, खाटा किती, यंत्रं कुठली, हे लिहून ठेवलं नाही. स्थळ, राष्ट्र, धर्म असा भेद न करता निधी वापरावा, एवढंच सांगितलं. त्याच पैशातून 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, 1945 मध्ये मूलभूत विज्ञानाची संस्था निघाली आणि कर्करोगाचं रुग्णालयही झालं. 1932 मध्ये यातल्या कशाचाही आराखडा कोणी मांडू शकला नसता. विश्वस्तांना मोकळीक होती, म्हणून हे घडलं.

मग अट कधीच घालू नये का? घालावी, पण ती तत्त्वाची असावी. टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे आणि त्याला जोडून सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. गोरधनदास सेठ आधीच वारले होते. त्यांच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला मोठी रक्कम दिली आणि एक अट घातली: या महाविद्यालयात शिकवणारे सगळे भारतीय असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला दुय्यम जागेवर बसावं लागे. 1925-26 मध्ये महाविद्यालय आणि रुग्णालय सुरू झालं. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. एका मृत माणसाच्या पैशाने आणि एका वाक्याच्या अटीने भारतीय डॉक्टरांच्या पिढ्यांना उभं राहायला जागा मिळाली. अट कशी असावी याचा हा नमुना आहे. तिने एक अन्याय दूर केला आणि बाकीचं काम माणसांवर सोपवलं.

आता माझ्या गावाकडे येतो. मानेसर हे दिल्ली-जयपूर महामार्गावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी आहे. तिथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. आणि तिथेच मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारी भलीमोठी औद्योगिक वसाहत आहे. अलियार, ढाणा, कासन, नाहरपूर या गावांमधल्या भाड्याच्या खोल्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली तरुण पोरं राहतात. त्यातली बरीच ठेकेदाराकडे कामाला असतात. लहान कारखान्यांत पत्रा कापणारी पॉवर प्रेस असते. तिला हात आत गेला की थांबवणारं सेन्सर बसवलेलं नसलं, तर क्षणात बोटं जातात.

मानेसरमध्ये सेफ इन इंडिया नावाची संस्था अशा जखमी कामगारांसाठी सहायता केंद्र चालवते आणि 2019 पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढते. ते अहवाल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कामगार विमा योजना म्हणजे ईएसआय कागदावर चांगली आहे. मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के भरतो. उपचार मोफत मिळतात, कामावर जाता येत नाही त्या काळात पगाराच्या 90 टक्के भरपाई मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतन मिळतं. पण ज्याचं विमा कार्ड रुजू झाल्याच्या दिवशीच निघायला हवं, त्याचं ते बऱ्याचदा अपघात झाल्यानंतर निघतं. मग बँडेज बांधलेल्या हाताने त्या पोराने कुठल्या कचेरीत जायचं, कुठला अर्ज भरायचा, डॉक्टरांच्या मंडळापुढे काय सांगायचं? त्याच्यासोबत जाणारा एक माणूस लागतो. त्या माणसाला महिन्याचा पगार लागतो, जाण्यायेण्याचं भाडं लागतं.

मंडळी, सगळ्यात कमी देणगी या पगाराला मिळते. ऑपरेशन थिएटरला देणगीदाराचं नाव देता येतं, रुग्णवाहिकेवर रंगवता येतं. जखमी कामगाराबरोबर कचेरीत थांबणाऱ्या कार्यकर्त्यावर नाव कोरता येत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने काय केलं ते पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते काम छापलं आणि पुढे तीच पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. त्या कामाला मुख्यतः माणसं लागली: शिकवणारी, घरोघर जाणारी, वही भरणारी. जामखेडला 1970 पासून आरोळे दांपत्याने जे उभं केलं, तेही गावातल्या स्त्रियांच्या हातांवर. म्हणून माझी विनंती आहे की मृत्युपत्रात 'संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी' हे शब्द लिहा. आपण नसताना कामाला कशाची गरज पडेल, हे त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळणार आहे.

आता कायद्याकडे वळतो. इथे चूक झाली तर चांगला हेतू वाया जातो.

पहिली बाब नागरिकत्वाची. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, तर परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. पण तुम्ही ब्रिटिश नागरिक झाला असाल, तर ओसीआय कार्ड असूनही तुमचं दान विदेशी योगदान ठरतं, मग ते रुपयांत दिलं तरी. ते घ्यायला संस्थेकडे विदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी लागते. ती पाच वर्षांची असते, पुन्हा पुन्हा नूतन करावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतात आणि एका संस्थेला ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणून मृत्युपत्रात एक पर्यायी संस्थाही लिहा: पहिलीला घेता आलं नाही, तर दुसरीला.

दुसरी बाब कराची. भारतात संपदा शुल्क 1985 मध्ये गेलं, त्यामुळे तिथे मृत्युपत्रातल्या दानावर वाचवण्यासारखा कर नाही. इथे मात्र वारसा कर 40 टक्के आहे. नोंदणीकृत ब्रिटिश धर्मादाय संस्थेला दिलेला हिस्सा करमुक्त असतो आणि करपात्र भागाचा किमान दहावा हिस्सा असा दिला, तर उरलेल्यावर 36 टक्के दर लागतो. एप्रिल 2024 पासून ही सवलत फक्त इथल्या संस्थांना आहे. तेव्हा भारतातल्या कामाला पैसे पोचवणारी इथली संस्था निवडणं हा एक मार्ग आहे.

तिसरी बाब घराची. पुण्यातला फ्लॅट किंवा गावाकडचं घर थेट ट्रस्टला लिहून दिलं, तर महाराष्ट्रात ते विकायला ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यापेक्षा घर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने विकावं आणि येणारे पैसे द्यावेत, असं लिहिलं तर काम सोपं होतं. आणि ठरावीक रक्कम लिहिण्यापेक्षा टक्का लिहा. आजचे पाच लाख वीस वर्षांनी किती उरतील, हे तुम्ही जाणता.

चौथी बाब दोन देशांतल्या दोन मृत्युपत्रांची. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे नेहमीचं वाक्य दुसऱ्यात आलं की पहिलं आपोआप मोडतं. दोन्ही वकिलांना एकमेकांचे मसुदे दाखवा. भारतातल्या मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. देहदानाची इच्छा मात्र केवळ मृत्युपत्रात ठेवू नका, कारण ते उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ती घरच्यांना आधीच सांगा आणि रुग्णालयात नोंदवा.

घरच्यांना सांगायचं हे दानालाही लागू आहे. मुलांना मृत्युपत्र वाचतानाच कळलं, की शंका येते, दुखावलेपण येतं, कधी खटलाही होतो. जेवणाच्या टेबलावर सांगितलं, की बहुतेक मुलं सोबत उभी राहतात आणि पुढे त्या संस्थेकडे स्वतःहून जातात.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. येत्या वर्षात एक दिवस ठेवा. एक वकील इथला आणि एक भारतातला बोलवा. ज्या संस्थांना मदत करावीशी वाटते त्यांची अधिकृत पूर्ण नावं, नोंदणी क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागवून ठेवा. त्या दिवशी प्रत्येकाने आपला मसुदा करूनच घरी जावं. हिस्सा एक टक्का असला तरी चालेल. मानेसरसारख्या ठिकाणी एका कार्यकर्त्याचा वर्षभराचा पगार त्यातून निघू शकतो, आणि त्या वर्षात कितीतरी जखमी पोरांना त्यांच्या हक्काचे उपचार मिळतात.