यतनापूर्वक स्वच्छता : निर्विष घराचा श्रावकधर्म

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



पाणी गाळून प्यावे, धान्य निवडून मगच दळावे, चूल पेटविण्यापूर्वी पाहून-पुसून घ्यावी, हे संस्कार जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांमागे आरोग्याचा विचार आहेच. पण त्याहून मोठी आहे ती जीवदया. आपल्या नगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेले आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज यांनी धार्मिक शिक्षणावर आयुष्यभर भर दिला. पाठशाळेत बालवयात पाठ केलेल्या पाच समिती अनेकांना आजही मुखोद्गत असतील. त्यांतील आदान-निक्षेपणा समिती सांगते की, वस्तू उचलताना व ठेवताना पाहावे, पुंजावे. परिष्ठापनिका समिती सांगते की, टाकाऊ पदार्थ निर्जीव जागी, कोणास पीडा होणार नाही अशा रीतीने टाकावा. या समिती मुख्यतः साधु-साध्वींसाठी असल्या, तरी श्रावकाने आपल्या मर्यादेत त्यांचे अनुकरण करावे, यातच यतनेचे मर्म आहे.

या कसोटीवर आजच्या घरातील न्हाणीघराचे कपाट तपासून पाहावे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जो श्रावक विषाचा व्यापार करीत नाही, त्याच्याच घरात फरशीचे ॲसिड, फिनाईल, कीटकनाशकाचे फवारे आणि डांबराच्या गोळ्या यांचा साठा असावा, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निर्बंध घातले, ते त्याच्या हल्ल्यांसाठी होणाऱ्या दुरुपयोगामुळे. परंतु घरातील अपघातही कमी भयंकर नसतो. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले ॲसिड अथवा फिनाईल लहान मूल पाणी समजून तोंडाला लावते. ब्लीचिंगचे द्रावण आणि ॲसिड बंद न्हाणीघरात एकत्र आले, तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो व श्वास कोंडतो. अधिक स्वच्छतेच्या हौसेने ही दोन द्रव्ये कदापि एकत्र करू नयेत.

मग पर्याय कोणता? तो किराणा दुकानातच आहे. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे. रिठ्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे फेस येतो व तेलकटपणा सुटतो. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबण फुटतो, त्याचा साका कपड्यांवर बसतो. रिठ्यावर अशा पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. हे पाणी मात्र दोन-चार दिवसांत नासते. म्हणून साठा न करता लागेल तेवढेच ताजे करावे. यात जीवोत्पत्तीही टळते.

रेशमी व लोकरी वस्त्रांना तर रिठ्यासारखा मित्र नाही. धुण्याच्या सोड्याने त्यांचा धागा कमजोर होतो, चमक जाते. पैठणी किंवा शाल जपून ठेवताना ती पूर्ण कोरडी करावी, सुती कापडात गुंडाळावी, वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि अधूनमधून घडी बदलावी. डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थॅलीन काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करू शकते. कापूरही पोटात गेल्यास विषारीच. तोही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मिठाने उजळतात, कारण आम्लात त्यांवरील काळा थर विरघळतो. नळाच्या तोटीवरील क्षारांचे पांढरे डाग लिंबाने जातात. परदेशी पुस्तकांत यासाठी व्हिनेगर सुचविलेले असते. परंतु ते आंबवून तयार होत असल्याने अनेक जैन कुटुंबे ते घरात आणत नाहीत. त्यांना लिंबू पुरेसे आहे. मात्र संगमरवर आणि शहाबादी फरशी यांना लिंबू, चिंच लावू नये. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आम्लाने त्यांचा पृष्ठभाग झिजतो व कायमचा निस्तेज होतो. तेथे रिठ्याचे पाणी आणि ओले फडके उत्तम. ओट्यावरील तेलकट डागांना खाण्याचा सोडा चालतो. लिंबू व सोडा एकत्र केल्यास फेस पुष्कळ दिसतो, पण दोघेही एकमेकांचा गुण नाहीसा करतात. म्हणून वेगवेगळे वापरावेत.

तथापि, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असा भ्रमही नसावा. रिठ्याचे पाणी डोळ्यांत झोंबते आणि माशांना विषासमान असते; ते ओढ्या-तळ्यात ओतू नये. उकळते पाणी मोरीत ओतल्याने झुरळ मरते, तीही हिंसाच. घरात संसर्गजन्य आजार असेल, तर लिंबू-सोड्यावर विसंबू नये. डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक सांगितलेल्या प्रमाणात वापरावे.

यतनेचा खरा मार्ग मारण्याचा प्रसंगच येऊ न देण्याचा आहे. रात्री ओटा कोरडा ठेवावा, गूळ-साखरेचे डबे घट्ट झाकावेत, खरकटे साठू देऊ नये, पाणी तुंबू देऊ नये, मऊ केरसुणीने हलक्या हाताने झाडावे. मुंगी, झुरळ, डास यांना अन्न-पाणी व आडोसा मिळाला नाही, तर फवारा आणावा लागत नाही. यात पैशाचीही बचत आहे, पण पुण्याची बचत त्याहून मोलाची.

मोरीतून गेलेले द्रव्य नाहीसे होत नाही. नगर शहर मुळा धरणाचे पाणी पिते आणि सीनेच्या काठी वसते. सीना पुढे भीमेला मिळते. तिच्या काठी शेतकरी, गुरे-ढोरे, जलचर आहेत. आपले अंगण उजळताना दुसऱ्याच्या दारात विष पाठविणे हे परिष्ठापनिका समितीला धरून नाही. जीवांनी परस्परांवर उपकार करावा, हे आपले तत्त्वज्ञान मोरीच्या तोंडापाशी थांबता कामा नये.

सुवर्णमहोत्सव हा संकल्पाचा काळ. येत्या पर्युषणापूर्वी प्रत्येक घराने एवढेच करावे : पेयाच्या बाटल्यांत भरलेली घातक द्रव्ये शोधून काढावीत, जी ठेवणे अपरिहार्य असेल ती मूळ वेष्टनात कुलपात ठेवावीत, आणि निदान एक विषारी वस्तू कायमची कमी करावी. घर स्वच्छ करताना मनही निर्मळ होत गेले, तर ती स्वच्छता साधनाच ठरेल.

जय जिनेंद्र!