ट्रेनिंगच्या आधीची बैठक

डॉक्टर मंडळी, आणि आग्रह करकरून पुढच्या रांगेत बसवाव्या लागलेल्या सिस्टर आणि आशाताईंनो,

चंद्रपूरच्या उन्हाची कीर्ती आपण ऐकून आहात. म्हणून परिषद जानेवारीत ठेवली, एवढीच आमची हुशारी.

साध्या आजारांवरच्या उपचारांच्या चाचण्या कशा आखाव्यात, यासाठी आपण जमलो आहोत. त्या आखताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारायचं, हे आमच्या शेजारी गडचिरोलीत फार पूर्वी घडलं. बालन्यूमोनिया श्वासांच्या वेगावरून ओळखता येतो. पण गावात ते श्वास मोजणाऱ्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. डॉ. अभय बंग यांनी त्यांच्यासाठी श्वासमापक बनवला: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी आला की न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठची मर्यादा, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नासची, म्हणून ओळी दोन. गावपातळीवरच्या त्या उपचार-प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मोजणाऱ्या बाईला काय जमतं ते आधी पाहिलं होतं, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

एरवी काय होतं? प्रोटोकॉल शहरात लिहून होतो, एथिक्स कमिटी मान्यता देते, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते, आणि मग आशाताईला ‘ट्रेनिंग’चं बोलावणं जातं. चहा-बिस्किटं, एक रजिस्टर, एक पेन. तिसऱ्या दिवशी घरी जाऊन ताप बघा, असं कागद सांगतो. रोवणीच्या दिवसांत त्या घराला संध्याकाळपर्यंत कुलूप असतं. रुग्ण गळाला, अशी नोंद होते. खरं तर गळाली असते आपली अक्कल.

जुलाबाचंच घ्या. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या. पोराचे जुलाब थांबले की आई पुडी फळीवर ठेवून देते. आशाताईला हे ठाऊक असतं. म्हणजे गोळी किती गुणकारी, यापेक्षा ती पोटात किती दिवस जाते, हा चाचणीचा पहिला प्रश्न व्हायला हवा.

म्हणून उद्याची गटचर्चा कोऱ्या कागदावर सुरू होईल. प्रश्न सिस्टर आणि आशाताई मांडतील. नमुना किती लागेल, ते संख्याशास्त्रज्ञांनी नंतर सांगावं. आशाताईंचा या दोन दिवसांचा बुडणारा मोबदला आयोजकांनी खर्चात धरला आहे, आभाराच्या भाषणात नाही.

दुपारी वडाभात आहे. मान्यवरांसाठी वेगळी पंगत नाही, तेवढं सांभाळून घ्या.