यादीत नाव नाही, असं म्हणण्याआधी

‘लाडकी बहीण’चा हप्ता जमा झाल्याची बातमी आली, की गटाच्या बैठकीत एक तरी बाई म्हणतेच, ‘शेजारणीचे आले, माझे नाही आले.’ कशावरून म्हणतेस, असं विचारलं की एटीएममधून निघालेली चिठ्ठी पुढं करते. चिठ्ठीवर 1500 रुपये नसतात, हे खरं. पण ती चिठ्ठी म्हणजे अख्खं खातं नव्हे. तिच्यावर साधारणपणे शेवटचे दहाच व्यवहार येतात. मिस कॉल देऊन मेसेज मागवला, तर काही बँका पाचच पाठवतात. पोरानं त्याच खात्यावरून दूध, रिचार्ज, किराणा असे फोनवरून अकरा वेळा पैसे दिले, की हप्त्याची ओळ चिठ्ठीच्या खाली ढकलली जाते. जमा झालेली नोंद खात्यात आहे, चिठ्ठीत नाही.

असं का होतं ते सांगते. बँकेच्या कॉम्प्युटरमधली माहिती आपल्या गटाच्या रजिस्टरसारखीच असते, एकाखाली एक ओळी. फरक एवढाच की ओळी लाखांनी असतात. त्या सगळ्या मागवल्या तर फोन बसून राहील, आणि आपल्याकडं रानात रेंज किती असते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून कॉम्प्युटरला प्रश्न विचारतानाच सांगतात, एवढ्याच ओळी दे. त्याला म्हणतात लिमिट. लिमिट दहा म्हणजे दहा ओळी. पुढचं पान हवं असेल, तर पहिल्या दहा सोडून पुढच्या दहा दे असं सांगायचं. या सोडण्याला ऑफसेट म्हणतात. आपलं पासबुक छापणारं मशीन तरी काय करतं? मागच्या वेळी छापलेल्या ओळी सोडतं आणि पुढून सुरू करतं. यात लबाडी नाही, सोय आहे. पण समोर दिसतंय तो तुकडा आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

गावातल्या याद्यांचं तेच. रोजगार हमी असो, घरकुल असो, फोनवर यादी उघडली की पुष्कळदा पहिलंच पान दिसतं. खाली बारीक अक्षरात 1, 2, 3 असे आकडे असतात आणि कुठंतरी एकूण किती नावं तेही लिहिलेलं असतं. आधी तो एकूण आकडा बघायचा. एकूण 140 असेल आणि समोर दहाच ओळी असतील, तर अजून 130 बायका मागं उभ्या आहेत.

आता क्रमाचं. दहा ओळी दे, एवढंच सांगितलं तर कोणत्या दहा? क्रम सांगितला नाही तर कॉम्प्युटर त्याला सोयीच्या वाटतील त्या देतो. आज एक दहा, उद्या दुसऱ्या. क्रम इंग्रजी अक्षरांचा असेल तर आणखी एक गंमत. आपल्या इंदापूर भागातलं वाघमोडे आडनाव कुणी व्ही लावून लिहितं, कुणी डब्ल्यू लावून. एका अक्षरानं नाव दोन पानं पुढं जातं. म्हणून नावापेक्षा खाते क्रमांक किंवा जॉबकार्ड क्रमांक टाकून शोधा.

आणि पान उलटताना मधेच वरचं एक नाव कमी झालं, तर खालची सगळी एकेक ओळ वर सरकतात. दुसऱ्या पानावर जे नाव पहिलं असायचं ते पहिल्या पानावर गेलं, आणि पहिलं पान तर आपण बघून झालो. ते नाव आपल्याला दिसतच नाही. शंका आली तर पुन्हा पहिल्या पानापासून बघायचं, कंटाळा करायचा नाही.

मला सगळ्यात खटकतं ते थकबाकीच्या यादीचं. ग्रामसंघाच्या बैठकीत कुणी फोनवर दहा नावं वाचून दाखवतं आणि सगळ्यांना वाटतं, या दहा जणी सगळ्यात मोठ्या थकबाकीदार. यादी जर नावाच्या क्रमानं लागली असेल, तर या फक्त अ, आ, इ च्या बायका आहेत. एखादीचे 200 रुपये राहिलेत, तिचं नाव चारचौघींत निघतं, आणि 20,000 वाली सातव्या पानावर निवांत. ही थट्टा नाही, पुढच्या कर्जाच्या वेळी त्या बाईकडं सगळ्या तशाच नजरेनं बघतात. म्हणून वाचणारीला आधी विचारा : ताई, ही यादी रकमेच्या क्रमानं आहे का, आणि एकूण किती जणी आहेत?

हप्त्याचं राहिलं. बँकेत गेलात तर चिठ्ठी दाखवून भांडू नका. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचा उतारा द्या,’ असं सांगा, मग दहाची अट राहत नाही. त्यातही रक्कम नसेल, तर आपलं आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते विचारा. हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळ जणींची दोन खाती असतात, एक पूर्वी गटासाठी उघडलेलं आणि एक पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी. जुनं पासबुक ट्रंकेत असेल तर तेही सोबत न्या आणि छापून आणा.